सफेच्या टोकाला ठेवलेली खुर्ची

रमजानच्या महिन्यात इशाची अजान झाली की मशिदींत एरवीपेक्षा जास्त गर्दी होते. रात्रीच्या या नमाजीनंतर तरावीहची खास नमाज असते आणि महिनाभरात तिच्यातून बहुतेक ठिकाणी संपूर्ण कुरआन ऐकलं जातं. जळगाव असो की धुळे, भुसावळ, चोपडा असो की शिरपूर, या गर्दीत एक दृश्य आता सगळीकडे दिसतं. नमाजींच्या रांगेच्या, म्हणजे सफेच्या, टोकाला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. कंबर धरलेली, गुडघे दुखणारी, पायांत जोर न उरलेली ज्येष्ठ मंडळी तिथे बसतात. पूर्वी एखाद-दुसरी दिसणारी खुर्ची आता अनेक मशिदींत रांगेने दिसते.

काही जण मात्र तिथपर्यंतही पोहोचत नाहीत. ‘सगळे उभे, आपण बसलेले, बरं दिसत नाही’ या संकोचाने ते घरीच थांबतात. ‘आता वय झालं’ म्हणून घरचेही विषय संपवतात. या दोन्ही ठिकाणी काहीतरी चुकतं. बसून नमाज पढण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे, त्यात कमीपणा नाही. आणि पाय-कंबरेचा गेलेला जोर बऱ्याच अंशी परत मिळवता येतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं.

वीस रकात, चाळीस सजदे

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. नमाजीच्या एका आवर्तनाला रकात म्हणतात. त्यात आधी सरळ उभं राहायचं, मग गुडघ्यांवर हात ठेवून कमरेत वाकायचं (रुकू), पुन्हा सरळ व्हायचं आणि कपाळ जमिनीला टेकवून दोन सजदे करायचे. भारतात बहुसंख्य मशिदींत तरावीहच्या वीस रकाती होतात, काही ठिकाणी आठ. वीस रकाती म्हणजे चाळीस सजदे, आणि जमिनीवरून उठून उभं राहण्याची कसरत सुमारे वीस वेळा. इशाच्या रकाती वेगळ्याच.

तरुणाला हे जाणवत नाही. सत्तरीच्या माणसाला चौथ्या-पाचव्या रकातीतच आपल्या मांड्यांची ताकद किती उरली आहे ते कळतं. वर्षभर खुर्ची, पलंग आणि उंच कमोड यांच्या आधाराने झाकलेला अशक्तपणा रमजानमध्ये उघड होतो. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसताना किंवा देवळात दंडवत घालून उठताना हिंदू घरांतल्या आजी-आजोबांनाही नेमका हाच अनुभव येतो.

तरावीह हा शब्द ‘तरवीहा’चं अनेकवचन आहे आणि तरवीहा म्हणजे विसावा. दर चार रकातींनंतर थोडं बसून दम घ्यायची पद्धत आहे, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे या नमाजीच्या नावातच विश्रांती आहे.

सवलत, दया नव्हे

सहीह बुखारी या हदीससंग्रहात इमरान बिन हुसैन या सहाबींची हकीकत आहे. आजारी असल्याने त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना नमाजीविषयी विचारलं. उत्तराचा आशय असा, की उभं राहून पढावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून.

दुसरी हकीकत मुआज बिन जबल यांची. ते इमाम म्हणून नमाज पढवत असताना त्यांनी फार लांब पठण सुरू केलं. दिवसभर उंटांवर पाणी वाहून थकलेला एक कष्टकरी मधूनच बाजूला झाला. प्रकरण पैगंबरांपर्यंत गेलं. त्यांनी त्या कष्टकऱ्याला दोष दिला नाही. मुआज यांनाच खडसावलं, लहान सूरह पढायला सांगितलं आणि मागे वृद्ध, अशक्त आणि कामाधामाची माणसं उभी असतात याची आठवण दिली. चौदाशे वर्षांपूर्वीही सफेत कंबर धरलेली माणसं होती आणि नमाजीचा वेग ठरवताना त्यांचा विचार करायचा होता.

रोजाचंही तसंच. आजारी व्यक्तीने आणि प्रवाशाने राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत, अशी मुभा कुरआनमध्ये आहे. वार्धक्यामुळे किंवा कायमच्या आजारामुळे तेही शक्य नसेल, तर प्रत्येक रोजाबदली एका गरजूला जेवण द्यायचं, याला फिदया म्हणतात. खुर्चीवर बसून नमाज कोणी आणि कशी पढावी, जमिनीवर बसणं शक्य असेल तर काय करावं, याचे बारकावे आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावेत. विचारताना डॉक्टरांनी काय सांगितलं आहे, तेही त्यांच्या कानावर घालावं.

कंबर धरते कुठे

खानदेशात कंबरदुखीला जात-धर्म नाही, पण कामधंदा जरूर आहे. धुळ्याच्या यंत्रमागांवर माणसाने आयुष्य उभ्याने काढलेलं असतं. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर वर्षानुवर्षं मांडी घालून, मान खाली करून बसलेला असतो. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीचे घड खांद्या-डोक्यावरून वाहिले जातात. कपाशीची वेचणी करणारी बाई दिवस दिवस कमरेत वाकलेली असते. बाजार समितीतल्या हमालाचं तर सांगायलाच नको. साठीनंतर या साऱ्या कष्टांचा हिशेब कंबर मागते.

दुखणं मात्र एकाच प्रकारचं नसतं. नमाजीच्या कोणत्या स्थितीत ते वाढतं, हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना निदानाचा मोठा धागा मिळतो. उभं राहिल्यावर किंवा चालल्यावर मांड्या-पोटऱ्या भरून येतात आणि रुकूत वाकल्यावर किंवा बसल्यावर बरं वाटतं, असं अनेक वृद्ध सांगतात. ‘पायी चाललं की पाय जड होतात, हातगाडी ढकलताना काही होत नाही’ ही तक्रारही त्याच जातीची. पाठीच्या कण्यातली मज्जातंतूंची वाट अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं, कारण पुढे वाकलं की ती वाट थोडी मोकळी होते. उलट वाकताना कळ येत असेल तर कारण वेगळं असू शकतं. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण ही माहिती रुग्णानेच द्यायची असते.

‘मणक्यात गॅप आहे’

कंबरदुखीचा रुग्ण एमआरआय काढून आला की घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला येतं, ‘मणक्यात गॅप आहे.’ मग उठणं-बसणं बंद, कमरेला पट्टा आणि दिवसभर पलंग. ‘गॅप’ म्हणजे बहुतेक वेळा मणक्यांमधल्या गादीची झीज. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३ हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. वीस वर्षांच्या ३७ टक्के आणि ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांमध्ये ही झीज आढळली. त्यांची पाठ दुखत नव्हती. डोक्यावरचे केस पिकतात तशीच ही मणक्यांची वयाची खूण. फोटोत झीज दिसली म्हणून दुखण्याचं कारण तीच, असं लगेच ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असं संघटनेचं म्हणणं आहे. दुखण्याची नीट समज देणं, व्यायाम आणि काही प्रकारची भौतिक उपचारपद्धती यांवर या सूचनांचा भर आहे. सरसकट पट्टा बांधणं किंवा वजनं लावून ओढण (ट्रॅक्शन) देणं याची शिफारस संघटनेने केलेली नाही.

अंथरुणावर पडून राहण्याची किंमत तर फारच मोठी. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं गेलं. तेवढ्यातच त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस घटलं. कंबर बरी होईल म्हणून पडून राहिलेल्या माणसाचे पायच जातात, ते असे.

मांस झिजतं, कळत नाही

वयाच्या तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातले स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजन तेवढंच राहतं, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. त्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची गरिबी. पाठीला आणि पोटाला सावरणारे स्नायू याच गरिबीत सापडले की मणक्यांवर भार येतो आणि कंबर दुखते. दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी म्हणून स्नायू आणखी झिजतात.

ही घट घरच्या घरी ओळखता येते. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची घ्यावी. दोन्ही हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहावं आणि बसावं. शेजारी घरचं कोणीतरी उभं असावं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर स्नायूंचा अशक्तपणा असल्याची शंका घेऊन पुढची तपासणी करावी. हातांच्या आधाराशिवाय उठताच येत नसेल, तर उत्तर मिळालंच आहे.

जमिनीवरून उठण्याचंही असंच मोजमाप आहे. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ गिल अराऊजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. हात टेकवला, गुडघा टेकवला की गुण कमी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना गुण कमी होते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. उठता न येणं हेच मृत्यूचं कारण, असा याचा अर्थ नाही. शरीराची एकूण शिल्लक त्यातून दिसते, एवढाच अर्थ.

नव्वदीतही जोर येतो

आता चांगली बातमी. १९९० मध्ये अमेरिकेच्या बोस्टन शहरात डॉ. मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. त्यांचं सरासरी वय ९० होतं. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूंचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. ‘आता या वयात काय होणार’ या वाक्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

त्यासाठी जिम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल व ताकद दोन्ही वाढवणारा व्यायाम सुचवते, चालणं वेगळं. घरात करण्यासारखं असं :

खुर्चीवरून उठणं-बसणं. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा, मग थोडं थांबून पुन्हा पाच वेळा. जमू लागलं की आधार कमी करावा, संख्या हळूहळू वाढवावी.

ओट्याला किंवा भिंतीला धरून टाचा उचलणं, दहा वेळा.

पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर सावकाश उचलणं आणि खाली आणणं, आठ-दहा वेळा.

जमिनीवरून उठण्याचा सराव. आधी कुशीवर वळावं, हात आणि गुडघ्यांवर यावं, एक पाय पुढे ठेवावा, त्याच मांडीवर हात दाबून उठावं. सुरुवातीला समोर पलंग किंवा खुर्ची असावी.

रोजा असताना हे इफ्तारनंतर तास-दीड तासाने करावं, उपाशीपोटी आणि तहानलेलं असताना नको. नंतर थोडं दुखलं तर हरकत नाही. व्यायाम करताना तीव्र कळ पायात उतरत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबावं. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ठिसूळ हाडं असतील, तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी.

मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी पाचशेहून अधिक किलोमीटर चालते आणि तिच्यात साठी-सत्तरीचे वारकरी असतात. ते एका दिवसात वारीला तयार झालेले नसतात. शेत, विहीर, देऊळ अशी रोजची चाल त्यांच्या पायांत असते. तरावीहचे पायही असेच अकरा महिने तयार व्हावे लागतात.

दस्तरख्वानावर काय हवं

व्यायामाला अन्नाची जोड नसेल तर स्नायू बनणार कशाचे? भारतीय प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. इफ्तारला खजूर, सरबत, भजी आणि फळं, सहरीला चहा आणि ब्रेड, असा बेत असेल तर यातलं निम्मंही पोटात जात नाही.

केळीच्या जिल्ह्यात हे सांगणं जरा धाडसाचं, पण एका केळ्यात प्रथिनं सव्वा ग्रॅमच्या आसपासच असतात. ते ताकद देतं, स्नायू नाही. उलट जळगाव डाळ मिलांसाठी प्रसिद्ध आहे आणि खानदेशी स्वयंपाकात डाळीची कमी नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हे जुन्या माणसांचं शहाणपण आहे. इफ्तारला भज्यांऐवजी उकडलेले चणे, सहरीला एक-दोन अंडी किंवा वाटीभर दही, रात्री दूध, मूठभर शेंगदाणे आणि घरात चालत असेल त्याप्रमाणे मासे, चिकन किंवा मटणाचा खिचडा असावा. दात नसतील तर मऊ डाळ, पनीर, अंड्याची भुर्जी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाण्याचंही तसंच. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मेच्या उन्हात आला होता. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो आता फेब्रुवारी-मार्चवर आला आहे, तरी खानदेशात मार्चचं ऊन कमी नसतं. वृद्धांना तहान कमी लागते, म्हणून इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी ठरवून प्यावं.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडं दुखतात, मांड्यांतला जोर जातो. उन्हाने भाजून निघणाऱ्या खानदेशातही हे होतं, कारण वृद्ध माणूस दिवसभर घरात असतो. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ब १२ कमी होऊ शकतं. थायरॉइडचा बिघाडही अशक्तपणा आणतो. साध्या रक्ततपासणीत कळणाऱ्या आणि उपचार असलेल्या या गोष्टी आहेत.

गोळी आणि पुडी

रोजात कंबर दुखू लागली की सहरीला वेदनाशामक गोळी घेऊन दिवस काढण्याची सवय धोक्याची आहे. पोटात पाणी कमी, त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी आणि वर वेदनाशामक, हे त्रिकूट वृद्धांच्या मूत्रपिंडाला अचानक इजा करू शकतं. मधुमेहाच्या गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळाही रमजानआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत कंबर मोकळी होत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. तेच स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं की हाडं ठिसूळ करतं आणि स्नायू झिजवतं.

काही लक्षणांत तर एक दिवसही थांबू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायात अचानक अशक्तपणा असेल तर थेट रुग्णालय गाठावं. कंबरदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी हवी. साध्या घसरण्यानंतर सुरू झालेली तीव्र पाठदुखी मणका दबल्याची खूण असू शकते. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे हाडांच्या तपासणीबरोबर फिजिओथेरपीचीही चौकशी जरूर करावी.

जी खुर्ची दिसत नाही

मशिदीतल्या खुर्च्या निदान दिसतात. घरातल्या दादी-नानीची कंबर कोणालाच दिसत नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून सहरी, दुपारपासून इफ्तारची तयारी, मग भांडी, मग घरातच नमाज. पाळी थांबल्यानंतर हाडं वेगाने ठिसूळ होतात, त्यामुळे पडल्यावर मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडण्याचा धोका बायकांना जास्त. तरी डॉक्टरांकडे जाण्याचा त्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. ‘ईद होऊ दे, मग बघू’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हे शेजारच्या घरातल्या आजीच्या ‘दिवाळी होऊ दे’पेक्षा वेगळं नाही. ओट्याजवळ एक स्टूल, न्हाणीघरात धरायला दांडी, पायाखाली न सरकणारी चटई आणि सहरीच्या कामात घरातल्या तरुणांचा हात, एवढं तर याच आठवड्यात होऊ शकतं.

मशिदींच्या कमिट्यांनीही काही करावं. खुर्च्या डगमगणाऱ्या नसाव्यात, वजूखान्यात बसून वजू करण्याची सोय आणि धरायला कठडा असावा, पायऱ्यांवर उजेड असावा. नमाजीनंतर दहा मिनिटं एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून ज्येष्ठांना उठण्या-बसण्याची रीत शिकवता आली, तर तेही पुण्याचंच काम.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा घ्यायला शेजारपाजारची, सर्व धर्मांची माणसं येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘तब्येत कशी आहे’ असं विचारतात आणि ‘बस, चाललंय’ असं उत्तर येतं. या ईदला वेगळा प्रश्न विचारून पाहावा, ‘अब्बा, हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता?’ आज उत्तर दोन आलं, तर बकरी ईदला ते पाच यावं, यासाठी मधले सव्वादोन महिने पुरेसे आहेत.